हॉर्सपॉवर सोडा, गिअरबॉक्स बघा!

जुलैमधला शनिवार. पहाटे उठून, मुलांना झोपेतच गाडीत कोंबून, पनवेल-चौक करत तुम्ही कर्जतला पोचता. भजी, पाऊस, हिरवागार लॉन आणि हातात मग, असा सगळा सीन डोक्यात फिट्ट बसलेला. फार्महाउसचं गेट ढकलता आणि ते अर्ध्यातच अडतं. कारण गेल्या तीन वीकेन्डला तुमची प्रेझेंटेशन्स होती, आणि इथे गवताला कसलीच डेडलाइन नव्हती. ते गुडघ्याच्या वर आलंय. लॉन कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होतं, हे फक्त गुगल अर्थलाच ठाऊक.

कर्जत-खालापूर पट्ट्यात ज्यांचं वीकेन्ड होम आहे, त्यांनी आत्ता मान डोलावली असेल. ज्यांचं नाही, त्यांच्यातल्या निम्म्या मंडळींचं ‘एकदा घेऊनच टाकू या’ चालू असेलच. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला, मुंबईहून खालापूर टोलनाका दीड-दोन तासांवर आला आणि या दोन तालुक्यांत भाताच्या खाचरांवर लॉन उगवायला लागले. ब्रोशरमधला लॉन नेहमी जानेवारीतला असतो. खरा लॉन जूनमध्ये कळतो. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमची ती नाजूक कार्पेट ग्रास बाजूलाच राहते, हरळी आणि रानगवतच पार्टी करतं.

मग कुणीतरी म्हणतं, “बॉस, लॉन ट्रॅक्टर घे!”

आम्ही घेतला. आम्ही म्हणजे आम्ही तिघं कॉलेजमधले मित्र. कोंदिवड्याच्या अलीकडे आमची ३८ गुंठे जागा आहे. (सातबारा एकाच्या वडिलांच्या नावावर, कारण १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं आणि आमच्यात शेतकरी ते एकटेच. आम्ही दोघं फक्त चहा प्यायला.) ट्रॅक्टर सेकंडहॅण्ड, इम्पोर्टेड, १ लाख ८० हजारांचा. १९ हॉर्सपॉवर, ४२ इंची डेक, उंच पाठीची सीट. आणि कप होल्डर! खोटं कशाला बोलू, आम्ही फिदा झालो ते कप होल्डरवर. हॉर्सपॉवर विचारली, ॲव्हरेज विचारलं, रंग दुसरा मिळेल का तेही विचारलं. गिअरबॉक्स कुठला, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. विकणारा म्हणाला, “ऑटोमॅटिक आहे साहेब, मेंटेनन्स फ्री.” आम्हाला वाटलं, वा, सही!

पहिला पावसाळा मस्त गेला. एरवी आमचे केअरटेकर दिवसभर ब्रश कटर खांद्याला लावून जे काम करायचे, ते तास-सव्वा तासात व्हायला लागलं. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. मामांनी आयुष्यभर बैल हाकले आणि पॉवर टिलर चालवला. हे खेळणं त्यांना दहा मिनिटांत जमलं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र त्यांचा फोन आला. “शेठ, गाडी सकाळी पळते. अर्ध्या तासाने तापली की बसते. आमच्या म्हशीसारखं चाललंय.”

आम्ही हसलो. इंजिन नीट वाजतंय ना? वाजतंय. मग पेट्रोल बदला, प्लग साफ करा. फोनवरून सल्ला द्यायला काय जातंय?

पुढच्या रविवारी ते डोळ्यांनी बघितलं. आमच्या जागेचा मागचा तुकडा उताराचा आहे आणि खाली जुनी विहीर आहे, कठडा फक्त दोन बाजूंनी. मामा गवत कापत चढ चढत होते. अर्ध्यात ट्रॅक्टर थांबला. इंजिन जोरात चालू, पातं फिरतंय, पेडल पूर्ण दाबलेलं, आणि गाडी हळूहळू मागे यायला लागली. एकदम नाही, अगदी आरामात, पण विहिरीच्या दिशेने. मामांनी पेडल सोडून ब्रेकवर पाय मारला तेव्हा मागचं चाक विहिरीपासून पाचेक फुटांवर होतं. ते शांतपणे उतरले, चाकामागे धोंडा लावला आणि म्हणाले, “आता ही गाडी मी वर नेणार नाय.” आम्ही तिघं व्हरांड्यात हातात चहा घेऊन उभे. तो चहा कुणीच प्यायला नाही.

तोवर ‘टिकाऊ गिअरबॉक्स’ म्हणजे माझ्या लेखी फक्त पैशांचा प्रश्न होता.

कर्जत स्टेशनजवळ पॉवर टिलर आणि पंप दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी सीट वर केली, खाली वाकून टॉर्च मारला आणि पहिला प्रश्न विचारला, “याचं तेल कुठून बदलतात?” कुठूनच नाही! तेल काढायचं बूचच नव्हतं. अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून, पालथा करून तेल ओतावं लागलं. निघालं ते काळपट आणि पाण्यासारखं पातळ. ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणजे मेंटेनन्स लागत नाही असं नव्हे. मेंटेनन्स करायला जागाच ठेवलेली नाही, असं!

आता थोडी टेक्निकल गंमत. फार नाही, घाबरू नका. लॉन ट्रॅक्टरचं ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोस्टॅटिक, बोलीभाषेत हायड्रो. यात गाडीसारखे दातेरी गिअर बदलायचे नसतात. इंजिन पट्ट्याने एक छोटा पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते तेल एका मोटरला फिरवतं आणि मोटर चाकांना. पेडल दाबलं की पंपातली एक तबकडी तिरकी होते. जितकी तिरकी तितकं जास्त तेल, तितका जास्त स्पीड. क्लच नाही, गिअर नाही, पुढे-मागे सगळं पायावर. आंब्या-चिकूंच्या झाडांमधून वळणं घेताना याच्यासारखी मजा नाही.

पण सगळा खेळ तेलाच्या दाबावर. चढावर लोड वाढतो, दाब वाढतो, आतल्या बारीक फटींमधून तेल निसटतं आणि तापतं. तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आणखी निसटतं. शेवटी पंप फिरतोय, तेलही फिरतंय, चाकांपर्यंत मात्र जोर पोचत नाही. गाडी गार झाली की परत ठणठणीत. म्हणूनच विकणारा सकाळी ट्रायल देतो तेव्हा काहीच कळत नाही. आणि उतारावर गाडी धरून ठेवणारा दाबही तोच असल्यामुळे जोर गेला की पकडही जाते. मग उरतो फक्त ब्रेक. विहिरीजवळ नेमकं हेच झालं होतं.

आम्ही आणखी एक चूक करत होतो, आणि ती जवळपास सगळेच करतात. गाडी दमली की पेडल आणखी दाबायचं. हायड्रोमध्ये उलटं आहे. पूर्ण पेडल म्हणजे टॉप गिअर, हलकं पेडल म्हणजे फर्स्ट. चढावर पाय सैल सोडायचा. हे मला मिस्त्रींनी सांगितलं, तेही दुरुस्तीचं बिल हातात देताना.

हीच मशिन्स अमेरिकेतल्या सपाट बंगल्यांच्या अंगणात वर्षानुवर्षं चालतात. मग आपल्याकडे काय होतं? एक तर आपला लॉन मुळात लॉन नाही. ते भाताचं खाचर आहे. वर्षानुवर्षं चिखलणी करून खालचा थर घट्ट केलेला, पाणी मुरू नये म्हणूनच. या तालुक्याच्या नावाने ‘कर्जत ३’सारखे भाताचे वाण आहेत, इथे भात संशोधन केंद्र आहे, जमीन भाताचीच, तिला तुमच्या बार्बेक्यूशी देणंघेणं नाही. वर दोन ट्रक माती टाकून कार्पेट अंथरलं तरी जुलैत पाणी तिथेच साचतं. एक चाक चिखलात गरागरा फिरतं, दुसरं थंड उभं, आणि तेल तापत बसतं. त्यात ओलं गवत. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटा प्लॅस्टिकचा पंखा असतो आणि बॉडीवर हवा लागायला पाळी असतात. कापलेल्या ओल्या गवताचा लगदा त्यांच्यात जाऊन बसतो. म्हणजे तापलेल्या माणसाला वरून गोधडी! आमच्या मशिनवरून मिस्त्रींनी घमेलंभर सुकलेलं गवत खरवडून काढलं. पंख्याची दोन पाती तुटलेली होती, हे तेव्हा कळलं.

आणि ट्रॉली. दर फार्महाउसवर हे होतंच. ट्रॅक्टर म्हटलं की मागे काहीतरी जोडायचा मोह आवरत नाही. शेणखत, चिरे, पाण्याच्या टाक्या. आम्ही बाथरूमच्या टाइल्स ओढल्या. साध्या लॉन ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स त्याचं स्वतःचं वजन, एक माणूस आणि फार तर पाचोळ्याची ट्रॉली एवढ्यासाठी असतो.

तर तुम्ही घ्यायला निघालाच असाल, तर शोरूममध्ये सीटवर बसण्याआधी सीटखाली बघा. बहुतेक ट्रॅक्टर कंपन्या हायड्रो गिअरबॉक्स स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. टफ टॉर्क आणि हायड्रो-गिअर ही त्यातली दोन मोठी नावं. त्यामुळे बाहेरचा रंग वेगळा असला तरी आतला माल एकच असू शकतो. त्यावर मॉडेलची पट्टी असते. टफ टॉर्कचा के४६ दिसला तर समजा, हा हलक्या कामाचा, सपाट अंगणाचा. के६६ त्याहून दणकट. नंबर पाठ करायची गरज नाही, पट्टीचा फोटो काढा आणि घरी जाऊन शोधा, हा गिअरबॉक्स किती वजनासाठी आणि कशासाठी बनवलाय. तेल भरायला आणि काढायला बूच आहे का, बाहेरून बदलता येणारा फिल्टर आहे का, हे दोन प्रश्न विचारा. सेल्समन गोंधळला तर त्याने उत्तर दिलं असं समजा.

स्वस्तात एक तिसरा प्रकारही मिळतो. तोही ‘ऑटोमॅटिक’ म्हणूनच विकतात, पण आत हायड्रो नसतो, कमी-जास्त होणाऱ्या पुलीवर पट्टा असतो. कोरड्यात ठीक. आपल्याकडे जुलैत पट्टा ओला झाला की तो घसरणार. मी तरी घेणार नाही.

सेकंडहॅण्ड बघताना माझी एकच अट असते, आता. ट्रायल गरम गाडीवर. चाळीस मिनिटं गवत कापा, मग खऱ्या चढावर न्या, मध्ये थांबवा आणि परत उचलून बघा. विकणाऱ्याने नाही म्हटलं तर नमस्कार करून निघा. आणखी एक. मागच्या बाजूला गाडी ढकलण्यासाठी एक छोटा दांडा असतो. तो सोडल्याशिवाय बंद गाडी दोरीने ओढली असेल तर गिअरबॉक्स आतून खलास झालेला असू शकतो. गाडी इथपर्यंत कशी आणली, हे सहज गप्पा मारताना विचारून घ्या. (आणि हा दांडा उतारावर कधीही ओढू नका. गाडी मोकळी सुटते.)

चढ मोजायचा कसा? फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतं. सहा फुटांची सरळ फळी जमिनीवर ठेवा, तिच्यावर फोन. बहुतेक लॉन ट्रॅक्टरची मॅन्युअल्स १० ते १५ अंशांच्या पुढे जाऊ नका म्हणतात. १५ अंश ऐकायला किरकोळ वाटतं, पण शंभर फुटांत जवळजवळ २७ फूट चढ! आमचा मागचा तुकडा १७ निघाला. म्हणजे तिथे कुठलाच लॉन ट्रॅक्टर न्यायला नको होता, कितीही भारी गिअरबॉक्स असता तरी. बसून चालवायचं मशिन उतारावर सरळ वर-खाली न्यायचं, आडवं नाही. आडवं गेलं की उलटायची भीती. आणि हे सगळं कोरड्या गवतावर. ओल्यावर टायर आपलं आपण ठरवतात.

मग पर्याय? मिस्त्रींचं मत ठाम आहे. “शेठ, गिअरवाला घ्या. दात तुटला तर दिसतो. तेल तापलेलं दिसत नाय.” म्हणजे छोटे शेतीचे ट्रॅक्टर. महिंद्राचा युवराज २१५ आहे, १५ हॉर्सपॉवर, सहा गिअर पुढचे, तीन मागचे. व्हीएसटीचा शक्ती आहे, साडेअठराचा. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतल्या ओळींमधून जातील असे अरुंद. मागे पीटीओवर गवत कापायचं स्लॅशर लावायचं. लोखंडी गिअर, साधा क्लच, तेल बदलायला बूच, आणि कर्जत-पनवेलला उघडून जोडणारे मिस्त्री. टाइल्स, चिरे, खत काहीही ओढा. टिकाऊपणाचं म्हणाल तर तुलनाच नाही.

पण तुमची मैत्रीण ज्या लॉनवर अनवाणी फिरणार आहे, तो असा निघणार नाही. स्लॅशर गवत झोडपतं, हेअरकट करत नाही. वजन पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे भिजलेल्या लॉनवर चाकांच्या नाल्या पडणार. शेतीचे टायर वळताना कार्पेट उपटतात. वळणावर दर वेळी क्लच. आणि हाही ट्रॅक्टर उतारावर उलटू शकतो, जड असल्यामुळे जास्तच वाईट उलटतो. डोक्यावर लोखंडी कमान नसेल तर मी मामांना त्यावर बसवणार नाही.

आमच्यापुरता हिशोब असा लागला. जागा ३८ गुंठे, पण खरा लॉन, जिथे आपण बसतो-लोळतो, तो जेमतेम १२ गुंठे. त्याला ट्रॅक्टर लागतच नव्हता! मागे चालत ढकलायचा, स्वतःच पुढे सरकणारा २१ इंची मोअर पुरतो. खरवडून, तेल बदलून, नवा पंखा लावून आमचा जुना ट्रॅक्टर अजून चालतो, पण फक्त सपाटीवर आणि ट्रॉलीशिवाय. विहिरीला चारही बाजूंनी कठडा केला, जो खरं तर पहिल्याच वर्षी करायला हवा होता. उताराचं गवत मामांच्या सांगण्यावरून आम्ही कापणंच सोडलं. ऑक्टोबरमध्ये वाडीवरची माणसं येऊन विळ्याने कापून गुरांना नेतात. घराभोवतीचा वीस फुटांचा पट्टा मात्र दर आठवड्याला ब्रश कटरने साफ होतो. तिथे तडजोड नाही, कारण घोणस आणि फुरसं दोन्ही इथलीच. गमबूट, चष्मा, जाड पँट, सगळं मामांना घेऊन दिलंय. ते चष्मा घालत नाहीत, तो भाग अजून वादात आहे.

आता एका मित्राला त्याच्या खालापूरच्या अडीच एकरांसाठी ट्रॅक्टर घ्यायचाय. सपाट आहे, बांध काढलेले आहेत, खत-माती ओढायची आहे. मी त्याला गिअरवाला सांगितलाय, तो अजून कप होल्डरवाल्याच्या प्रेमात आहे. येत्या शनिवारी चौकजवळ दोन्ही बघायला जातोय. मामा बरोबर येणार आहेत. पाऊण तास तेच चालवणार, मग चढावर नेऊन थांबवणार. आम्ही दोघं चाकामागे लावायला धोंडे घेऊन उभे राहणार.